बीबीएचा अर्ज बारावीला, तयारी अकरावीला

बारावीचा निकाल लागला की अर्ज भरू, ही सवय आता अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मुलांना महागात पडू शकते. 2024-25पासून बीबीए अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू केली. नियमित परीक्षेचा अर्ज निकालाआधीच भरावा लागतो. त्या परीक्षेत सर्वांत मोठा वाटा इंग्रजीचा. इंदूरच्या आयआयएमच्या 2011पासूनच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा याहून अवघड. तिथे गणिताचे दोन विभाग, इंग्रजीचा एक आणि पुढे मुलाखत. म्हणजे निवड ज्या दोन विषयांवर होते, ते शेवटच्या महिन्यात हाती लागणारे नाहीत.

पुण्या-मुंबईत क्लास आहेत, अकोले-पाथर्डीच्या मुलांनी काय करायचे, हा आक्षेप खरा आहे. पण यातले बहुतेक गणित शालेय पाठ्यपुस्तकांच्याच पायावर उभे असते आणि इंग्रजी रोजच्या वाचनाने सुधारते. दोन्हींना पैशांपेक्षा वेळ जास्त लागतो. म्हणूनच वाणिज्य शाखेत गणित ऐच्छिक असले तरी अकरावीत ते घाईने सोडू नये. शुल्काची अडचण मात्र नुसत्या मेहनतीने सुटत नाही. पालकांनी शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाची चौकशी अर्ज भरतानाच करावी.