बांधावरचे विष आणि ताटातील मासळी

मृगाचा पाऊस सुरू झाला की आदिलाबाद जिल्ह्यातील ओढे-नाले दुथडी भरून वाहू लागतात. जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगा. तिच्या पैलतीरी महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा. दोन्ही तीरांवर जमीन काळी आणि मुख्य पीक कापसाचे. शेतांतून वाहणारे पाणी नाल्यांत व तलावांत उतरते आणि त्याच पाण्यात रोहू, कटला, मृगळ, मरळ हे मासे वाढतात. २०१६ पासून तेलंगण शासनाने तलावांत मत्स्यबीज सोडण्याची योजना हाती घेतल्यामुळे गोड्या पाण्यातील मासळीचे महत्त्व अधिकच वाढले आहे. तेव्हा शेतात काय फवारले जाते, हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा न राहता मासळी खाणाऱ्या प्रत्येकाचा होतो.

कापसावर कीड फार, म्हणून औषधेही फार. या औषधांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग चिवट विषांचा. डीडीटीचा शेतीतील वापर भारतात १९८९ साली बंद करण्यात आला. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. परंतु डीडीटीसारखे द्रव्य मातीत वर्षानुवर्षे टिकते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. काळ्या मातीच्या कणांना चिकटून गाळाबरोबर तलावाच्या तळाशी जाते. तेथील सूक्ष्म जीव ते ग्रहण करतात, त्या जीवांना लहान मासे खातात आणि लहान माशांना मोठे मासे गिळतात. प्रत्येक पायरीवर विष चरबीत साठत जाते. यामुळेच शाकाहारी रोहूपेक्षा शिकारी मरळीत त्याचा संचय अधिक होण्याचा संभव असतो; आणि तेलंगणाने राज्यमत्स्याचा मान दिला आहे तो या मरळीलाच.

दुसरा वर्ग मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांचा. ती तुलनेने लवकर विघटित होतात. पण तोपर्यंत मज्जासंस्थेवर तीव्र आघात करतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना सर्वांच्या स्मरणात आहे. मासे धरण्यासाठी पाण्यात विष कालवण्याचा जो अघोरी प्रकार काही ठिकाणी चालतो, तो तर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा ठरलेला आहे. अकस्मात तरंगू लागलेली मासळी फुकटची म्हणून उचलून नेणे म्हणजे संकट घरी नेणे होय.

कीटकनाशकांखेरीज पाराही विचारात घ्यावा लागतो. दगडी कोळशाच्या धुरातून व कारखान्यांच्या सांडपाण्यातून आलेला पारा जलाशयातील जीवाणूंच्या क्रियेने अधिक घातक रूप धारण करतो. जपानमधील मिनामाता येथील समुद्रकाठची दुर्घटना १९५६ साली उजेडात आली. पुढे १९६५ साली त्याच देशात आगानो नदीच्या काठी, नदीतील मासे खाणाऱ्या कुटुंबांत तोच विकार आढळला. हातापायांस बधिरता, दृष्टी संकुचित होणे, चालताना तोल जाणे, अशी त्याची लक्षणे. आगानोची कथा पैनगंगेकाठी जशीच्या तशी घडेल असे नव्हे. परंतु पाणी नितळ दिसले म्हणून मासळी निर्दोष ठरत नाही, हा धडा सर्वच नद्यांना लागू आहे.

याचा अर्थ मासळी वर्ज्य करावी असा मुळीच नाही. गरिबाच्या ताटातील ते उत्तम प्रथिन आहे. धोका ठरतो तो प्रमाणावरून. आठवड्यातून एकदा मासे खाणाऱ्यापेक्षा रोज खाणाऱ्या मच्छीमार कुटुंबास तो अधिक. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना विशेष. चरबीत साठणारी विषे कातडी, चरबी व आतडी काढून टाकल्याने काही अंशी कमी होतात. पारा मात्र मांसातच भिनलेला असतो. रस्सा कितीही उकळला तरी तो जात नाही. म्हणून एकाच तलावातील मोठी शिकारी मासळी वारंवार न खाता निरनिराळ्या जातींची, लहान मासळी घ्यावी, हे इष्ट.

लाल कल्ले व टवटवीत डोळे पाहून मासळी ताजी आहे हे गृहिणीला कळते. ती निर्विष आहे की नाही, हे केवळ प्रयोगशाळाच सांगू शकते, आणि प्रत्येक बाजारात प्रयोगशाळा नसते. म्हणून खरा उपाय बाजारात नसून बांधावर आहे. फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नये, रिकामे डबे पाण्यात फेकू नयेत, पावसाची चिन्हे दिसत असता फवारणी करू नये आणि ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा. फवारणारा व खाणारा पुष्कळदा एकाच गावचे, कित्येकदा एकाच घरचे असतात. शेताच्या कडेला पाळलेला संयम हा अखेर आपल्याच मुलाबाळांच्या ताटाचे रक्षण करीत असतो.