आरंभ छताखालून
कार्यालयाच्या छतावर सौर पॅनेल बसविले की इमारत कार्बनमुक्त झाली, असे अनेकांना वाटते. वस्तुतः आरंभ छताखालून व्हावयास हवा. (सौरसंचाचे उद्घाटन होते, पंख्याचे होत नाही!) वसई तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायत कार्यालयात ७५ वॅटचे १० पंखे व चोकसह ५० वॅटच्या १० ट्यूबलाइट दररोज ८ तास चालत असतील, तर १० युनिट वीज लागते. ३० वॅटचे पंखे व २० वॅटच्या एलईडी ट्यूब बसविल्यास तीच गरज ४ युनिटांवर येते. १ किलोवॅटचा सौरसंच वर्षाच्या सरासरीने दररोज साधारण तेवढीच वीज देतो. अन्यथा अडीच किलोवॅटचा संच लागला असता. पावसाळ्यातील तूट नेट मीटरिंगद्वारे उन्हाळ्यातील शिलकीतून भरून निघते. मात्र किनाऱ्यावरील खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही. सांगाडा जस्तलेपित असल्याची खात्री देयक अदा करण्यापूर्वीच करून घ्यावी.