जुन्या लँड रोव्हरचे दिवे मंद का होतात?

उसाच्या मळ्यांतून, शामारेलच्या चढावरून आणि डोंगराकडच्या कच्च्या वाटांवरून जुन्या लँड रोव्हर गाड्या आपल्या बेटावर अजून दिसतात. इंजिन ठणठणीत, चेसिस शाबूत. पण संध्याकाळ झाली की मालकाच्या कपाळाला आठी पडते. पुढचा एक दिवा पिवळा, दुसरा मिणमिणता, आणि ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा उजळण्याऐवजी मंदावतो. मग बल्ब बदलला जातो, बल्बनंतर स्विच, स्विचनंतर बॅटरी. पैसे जातात, दोष तसाच राहतो.

वाचकहो, अशा गाडीत बल्ब सहसा निर्दोष असतो. दोष असतो वीज परत जाण्याच्या वाटेत. घरातल्या दिव्याला दोन तारा असतात. मोटारीत दिव्याकडे एकच तार येते आणि वीज परत बॅटरीकडे जाते ती गाडीच्या लोखंडातून. तिला अर्थ म्हणा, किंवा फ्रेंचमध्ये म्हणतात तसे मास म्हणा. १९४८ साली लँड रोव्हर निघाली तेव्हा युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचे अंग अल्युमिनियमचे झाले. चेसिस मात्र पोलादाची. हे दोन धातू जिथे भेटतात तिथे खारट ओलावा शिरला की अल्युमिनियम झिजते व पांढरी भुकटी धरते. या भुकटीतून वीज नीट जात नाही. आपल्याकडे तर पठारावर पाऊस आणि किनाऱ्यावर खारा वारा! गणेश विसर्जनाला गाडी उलटी घेऊन पाण्याच्या काठाशी लावणाऱ्यांनी घरी आल्यावर मागचे दिवे व खालच्या तारा गोड्या पाण्याने धुवाव्यात. परतीच्या अंधारात मागून येणाऱ्याला तेच दिवे दिसायचे असतात.

अर्थचा दोष ओळखण्याची एक सोपी खूण आहे. साइड लाइट बंद ठेवून ब्रेक दाबा. पुढचे छोटे दिवे हलकेच पेटले, तर मागच्या दिव्याचा अर्थ गेला असे समजा. ब्रेकच्या तारेतून आलेल्या विजेला परतीची वाट मिळत नाही, म्हणून ती त्याच बल्बच्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटी शिरते आणि इतर दिव्यांमार्गे बाहेर पडते. खात्री करायला हातभर तार पुरे. दिवा चालू ठेवून त्याच्या काळ्या तारेचे टोक या तारेने थेट चेसिसच्या घासून स्वच्छ केलेल्या जागेला जोडा. दिवा एकदम उजळला तर नवा बल्ब आणायची गरज नाही. जुना स्क्रू काढा, खालची जागा पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, पुन्हा घट्ट बसवा आणि वरून थोडे ग्रीस लावा.

मीटर असेल तर काम आणखी नेमके होते. दिवे चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे दिव्याच्या अर्थवर ठेवा. काटा जवळजवळ शून्यावर हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत अडथळा आहे. हीच तपासणी धन बाजूनेही करावी. एखाद-दुसऱ्या व्होल्टने काय बिघडते, असे वाटेल. पण १२ व्होल्टच्या बल्बला १० व्होल्टच मिळाले तर उजेड जवळपास निम्मा होतो. ऊसतोडणीच्या दिवसांत दिवे नसलेली ट्रॉली वळणावर उभी असेल तर या निम्म्या उजेडाची किंमत कळते.

इंजिनापासून चेसिसला जाणारी जाड पट्टी विसरू नये. ती सैल झाली की स्टार्टरचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो. स्टार्टर मारताना चोकची केबल गरम लागली तर दोष त्या पट्टीत शोधा.

दोन्ही मोठे दिवे एकाच वेळी, पण फक्त अप्परला किंवा फक्त डिपरला जात असतील, तर डिप स्विचवर संशय घ्यावा. सिरीज टू गाड्यांत तो पायाखाली असतो. चिखल आणि पाणी थेट त्याच्यावरच. १९७१ मध्ये आलेल्या सिरीज थ्रीत तो स्टिअरिंगजवळ गेला. लुकास पद्धतीच्या वायरिंगमध्ये निळी-पांढरी तार अप्परची, निळी-लाल डिपरची, काळी अर्थची. तपकिरी तार मात्र बॅटरीची, किल्ली बंद असतानाही जिवंत. तिला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे अर्थचे टोक काढावे.

आता आगीविषयी. या गाड्यांत मोठ्या दिव्यांना मूळचा फ्यूज नसतो. सालपट निघालेली तार पत्र्याला टेकली की ती पेटेपर्यंत थांबवणारे कोणी नाही. जिथे फ्यूज आहे तिथे काही जण सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. आणखी एक घोटाळा असा, की लुकासच्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा तो वितळण्याचा. सतत तो १७ अँपिअरच सोसतो. इतर बनावटीचा ३५ चा फ्यूज घातला तर तार आधी जळेल.

यावर उत्तम उपाय म्हणजे अप्पर व डिपरसाठी दोन रिले, बॅटरीपासून जाड तार आणि प्रत्येक रिलेला वेगळा फ्यूज. ६० वॅटचे दोन दिवे सुमारे १० अँपिअर ओढतात. तो भार जुन्या स्विचवरून निघून रिलेवर जातो, स्विच थंड राहतो आणि उजेड लख्ख पडतो. हल्ली इंडिकेटरला एलईडी बल्ब लावतात. पण त्यांचा प्रवाह इतका कमी की जुना गरम होऊन चालणारा फ्लॅशर मिचकावतच नाही. तोही बदलावा लागतो. १९६७ पूर्वीच्या गाड्यांत बहुधा धन टोक अर्थला असते. नवे उपकरण जोडण्यापूर्वी बॅटरीची कोणती केबल चेसिसला गेली आहे ते बॉनेट उघडून पाहून घ्यावे.