डोंगरदऱ्यांचा काना कुठे गेला?

समजा, लोणावळ्यातल्या एखाद्या भटक्याने वर्डप्रेसवर स्वतःचं संकेतस्थळ काढलं. राजमाचीच्या वाटेवर लेख लिहिला, मथळा दिला ‘लोणावळ्याच्या डोंगरदऱ्या’ आणि बटण दाबलं. मथळा झकास उमटला. पण लेखाचा पत्ता, म्हणजे ब्राउझरच्या पट्टीत दिसणारी ओळ, नीट बघा. शेवटी आहे ‘डोंगरदऱ्य’. काना गायब! मथळा जेमतेम दोन शब्दांचा, त्यातलं एकच चिन्ह कुणी आणि का कापलं?

मोजून बघू. ‘दऱ्या’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो. संगणक मात्र त्यात पाच चिन्हं साठवतो: द, ऱ, पाय मोडण्याची खूण, य आणि काना. या हिशेबाने ‘लोणावळ्याच्या’ची चिन्हं १३, ‘डोंगरदऱ्या’ची १०. एकूण २३.

काना असा सुटा काढणं ही संगणकवाल्यांची लहर वाटते ना? मग मावळातल्याच कार्ल्याच्या लेण्यात जा आणि तिथले ब्राह्मी लेख बघा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरणाऱ्यानेही हेच केलंय. आधी व्यंजन, मग त्याला जोडलेली स्वराची खूण. ‘का’ हवा असेल तर ‘क’च्या माथ्याशी उजवीकडे एक छोटी आडवी रेघ. छिन्नीने दिलेला काना! जगातल्या लिप्यांची चिन्हं संगणकासाठी ठरवून देणाऱ्या युनिकोडने आपली लिपी मांडताना तीच जुनी रचना उचलली आहे.

आता ही चिन्हं साठवायची कशी? १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत सहकारी रॉब पाइकसोबत बसलेल्या संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसनने टेबलावरच्या कागदावरच एक पद्धत आखली. आज जवळपास सगळं इंटरनेट त्याच पद्धतीने, यूटीएफ-८ने, चालतं. तिची गंमत अशी की मजकुराच्या मधलाच कुठलाही बाइट, म्हणजे साठवणीचं एकक, उचला, तो अक्षराचा आरंभ आहे की मधला तुकडा, हे तो स्वतःच सांगतो. इंग्रजी अक्षराला तिथे एक बाइट पुरतो, देवनागरी चिन्हाला तीन लागतात.

मात्र वेबपत्त्याचे नियम इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघेसारखी मोजकी चिन्हं एवढंच ओळखतात. त्यामुळे प्रत्येक बाइटच्या जागी टक्क्याची खूण आणि पुढे दोन अक्षर-आकडे लिहावे लागतात. मराठी लेखाचा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांची लांबलचक माळ येते, ती हीच. तीन बाइट, प्रत्येकाला तीन जागा, म्हणजे एका चिन्हाला नऊ. आपला काना एसटीत नऊ जागा अडवून बसतो म्हणा ना! आणि वर्डप्रेसची एसटी आहे २०० जागांची. २३ नव्वे २०७, अधिक शब्दांमधली आडवी रेघ, झाले २०८. बावीस चिन्हं आणि ती रेघ मिळून १९९ जागांत बसतात. तेविसावा काना उतरवला जातो.

हा पत्ता हाताने बदलता येतो, पण नव्या माणसाला ते कळणार कसं? म्हणून वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, बनवणाऱ्यांकडे एक सोपी सोय मागायला हवी असं मला मनापासून वाटतं. मथळा लिहितानाच पत्ता दिसावा. तो कापला जाणार असेल तर अख्खा शब्द गळावा, अर्धा नव्हे. आणि रोमन लिपीतला छोटा पर्याय एका टिचकीत मिळावा. मागणी करताना मराठी मथळा, मिळालेला पत्ता आणि हवा असलेला पत्ता असे तिन्ही द्यावेत. ज्याला देवनागरी वाचता येत नाही, त्यालाही मग फरक दिसतो.

पण खरी कमाल अजून पुढेच आहे, त्या ‘ऱ्य’मध्ये. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे राजमाचीवरून खाली दिसतात त्या. फरक फक्त ‘र’च्या रूपाचा. युनिकोडमध्ये नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ‘ऱ’ आहे तो द्राविडी भाषांमधला एक ‘र’ देवनागरीत लिहिता यावा म्हणून. त्याचा पाय मोडला की जे अर्धं रूप उमटतं, ते थेट आपल्या मराठीचं! दुसरी वाटही आहे. साधा ‘र’, पाय मोडण्याची खूण आणि पुढे शून्य रुंदीचा, डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ हुबेहूब सारख्या, साठवणीत मात्र वेगळ्या.

मग काय होतं? चिन्हाला चिन्ह जुळवून शोधणाऱ्या यंत्राला एक ‘दऱ्या’ दिली तर दुसरी सापडत नाही. त्याहून भयंकर म्हणजे, मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तो अदृश्य जोडक कचरा समजून झाडून टाकला, की दऱ्यांचा दर्या होतो. अख्ख्या मावळात समुद्र शिरतो!

मग हा ‘ऱ्य’ टंकायचा कसा? इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ दाबली की ‘ऱ्य’ तयार. रोमन अक्षरांनी लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी, कारण समुद्र आणि दऱ्या दोन्हींचं रोमन स्पेलिंग एकच. त्यांना दोन्ही शब्द शेजारी-शेजारी दाखवून निवडू द्यावं, शोधताना दोन्ही प्रकारचे ‘ऱ्य’ एकच धरावेत आणि साफसफाईत जोडकाला हात लावू नये, या मागण्याही प्लगइनवाल्यांकडच्या त्याच मागणीत जोडायच्या.