किरकोळ चोरीचा आरोप आणि आरोपीचे हक्क

पेडणे व डिचोली तालुक्यांत नारळ, सुपारी व काजू ही अनेक कुटुंबांच्या उपजीविकेची साधने आहेत. चार नारळांवरून वा पायलीभर काजूबियांवरून चोरीचा आरोप आला, की “कबूल करून मोकळे व्हावे” असा सल्ला आरोपीस सहज दिला जातो. तो किती महागात पडू शकतो, हे प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

दिनांक 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, 2023 अंमलात आली आहे. तिच्या कलम 303 अन्वये दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलविणे म्हणजे चोरी होय. यांपैकी एकही घटक सिद्ध न झाल्यास आरोप टिकत नाही. भाटकाराच्या जमिनीतील माडाचे नारळ कूळ किंवा मुंडकार आपल्या हक्काचे समजून सद्भावनेने पाडत असेल, तर तेथे अप्रामाणिक हेतू नसतो. पुढे तो हक्क अमान्य ठरला, तरी एवढ्यावरून तो चोर ठरत नाही. मात्र हक्काचा दावा केवळ बहाणा असता कामा नये. म्हणून कूळ वा मुंडकार असल्याची कागदपत्रे जपून ठेवावीत. चोरीनंतर लवकरच माल ज्याच्याजवळ सापडतो, त्याच्याविरुद्ध न्यायालय अनुमान काढू शकते. यास्तव खरेदीची पावतीही जपावी.

अटक झाल्यास तिचे कारण समजण्याचा, चौकशीच्या वेळी वकिलास भेटण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळता 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाण्याचा आरोपीस हक्क आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही.

चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालाची किंमत 5,000 रुपयांहून कमी असून प्रथमच दोषसिद्धी झाली व माल वा त्याचे मूल्य परत केले, तर विनामोबदला सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. परंतु तीही दोषसिद्धीच होय. त्याच कलमाखाली पुन्हा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष व कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आणि दंड अशी तरतूद आहे. घाईच्या कबुलीतील धोका तो हाच.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणीही बचाव सोडू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 अन्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाचा विचार न करता, तसेच विहित मर्यादेहून कमी उत्पन्न असणाऱ्यांना, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा अथवा 15100 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पंचायत सदस्य व शिक्षकांनी ही माहिती वाड्यावाड्यांपर्यंत पोहोचविल्यास अजाणतेपणी कोणाच्या माथी कायमचा डाग लागणार नाही.