लाइट आहे, पण किती?

बार्शीत माझं फ्रीज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. "फ्रीज बंद पडलाय, लगेच या" असा फोन आला की मी आधी विचारतो, "तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं?" पलीकडून हमखास उत्तर येतं, "लाइट आहे की! पंखा फिरतोय ना." पंखा काय, दीडशे व्होल्टलाही फिरतो, नुसता रडत रडत. पण त्याच दीडशे व्होल्टला फ्रीजचा कॉम्प्रेसर उचलतच नाही. लाइट आहे की नाही एवढंच आपण बघतो. ती किती आहे आणि दिवसभरात किती हलते, हे बघायची आपल्याकडे पद्धत नाही.

घरोघरी टेस्टर असतो, पण त्यानं हे कळत नाही. त्यातला बारका निऑन दिवा दीडशेलाही पेटतो आणि अडीचशेलाही. त्यासाठी सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल मीटर लागतो. काही शे रुपयांत मिळतो, आकडे मोठे असतात, आणि मल्टीमीटरसारख्या तारा हातात धराव्या लागत नसल्यानं घरातलं कुणीही तो वापरू शकतं. साध्या मीटरवर फक्त व्होल्ट दिसतात. थोडे जास्त पैसे मोजले तर अँपिअर, वॅट, युनिट आणि फ्रिक्वेन्सीही दिसते.

घरगुती सिंगल फेजचं ठरलेलं व्होल्टेज २३०. लघुदाबाला सहा टक्के वरखाली चालेल, हे १९५६च्या भारतीय वीज नियमांत आलेलं आहे. म्हणजे हिशेबानं २१६ ते २४४. मीटर लावल्यावर या पट्ट्यात आकडा हलताना दिसला तर घाबरू नका, तो हलणारच. फ्रिक्वेन्सीचा आकडा मात्र बघा, ५०च्या अगदी आगेमागे चिकटून असतो. त्याचं कारण आमच्या जिल्ह्यातून जातं. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाशी एक झालं. तेव्हापासून श्रीनगर असो की कन्याकुमारी, ग्रिडवर जोडलेल्या प्रत्येक घरात फ्रिक्वेन्सी एकच. व्होल्टेजचं तसं नाही. ते तुमच्या डीपीवर, तुमच्या खांबावरच्या तारेवर आणि तुमच्या घरातल्या स्क्रूवर ठरतं. शेजाऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

वैराग रस्त्याकडच्या एका वस्तीवर एका काकांचा फ्रीज दुसऱ्यांदा बसला. "कंपनीच भिकार," असं त्यांचं ठाम मत. मी त्यांना मीटर देऊन ठेवला आणि काकूंना सांगितलं, स्वयंपाकघरात येता-जाता आकडा आणि वेळ लिहून ठेवा. काकूंनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं. पहाटे २३४. सकाळी नऊला २१८. थ्री फेज आल्यावर १८१. मधे एकदा १६८, आणि त्यापुढे कंसात, "फ्रीज घूं घूं करतो". निदान त्या कंसातच होतं.

मोटरचा सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. २३० ऐवजी १७० मिळाले तर जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. कॉम्प्रेसर उचलत नाही, जागच्या जागी घुमतो आणि नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. मग ओव्हरलोड टक करून तोडतो, थोडा गार झाला की परत जोडतो, परत घुमणं. असं दिवसातून कितीतरी वेळा झालं की वाइंडिंगचा वार्निश करपतो. फ्रीज खोलला की तो जळका वास येतो, नाकालाच कळतं.

वस्तीवर व्होल्टेज पडायचं कारण साधं आहे. ६३ केव्हीएच्या डीपीची ताकद फेजला साधारण ८४ अँपिअर. पाच एचपीचा एक पंप फेजला सात अँपिअरच्या आसपास ओढतो. दहा-बारा पंप एकदम चालू झाले की डीपी भरली. त्यात ऑटो स्टार्टर लावलेले असल्यामुळे थ्री फेज येताच सगळे पंप एकाच दमात उठतात. मग अंतराचा मार. खांबावरच्या ॲल्युमिनियमच्या तारांना जनावरांची नावं आहेत, लाइनमन 'रॅबिट', 'विझल' म्हणतात. त्यातल्या विझलचा रोध किलोमीटरला ०.९ ओहमच्या जवळपास. वस्ती डीपीपासून सहाशे मीटरवर असेल तर जाऊन-येऊन बाराशे मीटर तार, म्हणजे एक ओहमच्या वर. त्यातून ४० अँपिअर गेले की चाळीसेक व्होल्ट तारेतच मुरतात. फ्रीज बनवणाऱ्याचा यात काय दोष?

आता याच्या उलटं प्रकरण. गावात, डीपीच्या अगदी जवळ राहणाऱ्या एका ताईंकडे बसल्या जागी २३१ व्होल्ट. उत्तम. तरी त्यांचा फ्रीज मधूनच कट व्हायचा. मी मीटर फ्रीजच्या बोर्डावर ठेवूनच त्यांना त्याच बोर्डावरची इंडक्शन शेगडी लावायला सांगितली. आकडा सरकन २१९वर आला. बारा व्होल्ट गेले कुठे? मीटर हॉलमध्ये नेऊन तेच केलं, तिथं फक्त दोन व्होल्ट पडले. म्हणजे खांब ठीक, सर्व्हिस वायर ठीक, भानगड स्वयंपाकघराच्या वायरिंगमध्ये. मेन बंद करून बोर्ड उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि भोवतालचं बेकलाइट तपकिरी पडलेलं. शेगडी आठेक अँपिअर ओढत होती. बारापैकी चार व्होल्ट वायरच्या लांबीचे धरले तरी आठ त्या ढिल्या जोडापाशी पडत होते. आठ गुणिले आठ, ६४ वॅट. भिंतीतल्या बोर्डात सोल्डरिंग आयर्न चालू करून झाकण लावल्यासारखंच झालं. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो.

या मीटरचा खरा उपयोग मला इथं वाटतो. नुसता आकडा बघू नका, लोड टाकल्यावर तो किती खाली येतो ते बघा. इस्त्री, शेगडी, मिक्सर लावून बघा. तीन-चार व्होल्टचा फरक चालतो. दहाच्या पुढे गेला तर मीटर दुसऱ्या खोलीत नेऊन तोच लोड परत टाका. सगळ्या घरात सारखाच पडत असेल तर दुखणं बाहेरचं किंवा मेनपाशी. एकाच बोर्डावर पडत असेल तर वायरमनला बोलवा. बोर्ड स्वतः उघडू नका, मेन बंद केला असं वाटत असलं तरी.

जास्त व्होल्टेजचा धोका वेगळा आणि मोठा. कमी व्होल्टेजला हल्लीची बरीच उपकरणं सोसतात. मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, टीव्हीचंही बहुतेक तसंच. गीझर बिघडत नाही, नुसता मंदावतो: २००० वॅटचा गीझर १८० व्होल्टला सव्वाबाराशे वॅटचाच उरतो. पण २८०, ३०० झाले की आधी हीच इलेक्ट्रॉनिक मंडळी जातात. आणि असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डीपीवर किंवा खांबावर तुटलेला न्यूट्रल. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल जागेवर असला की प्रत्येक घराला आपापले २३० मिळतात. तो तुटला की दोन फेजवरची घरं एकापुढे एक जोडली जातात आणि ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. ज्या फेजवर लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त. एका गल्लीत मी स्वतः बघितलंय, एका घरात ३१० आणि समोरच्या घरात ९०. एकीकडे बल्ब पांढराफटक, दुसरीकडे काजव्याएवढा. असं दिसलं की विचार करत बसायचं नाही, मेन पाडायचा आणि मग फोन करायचा.

मीटर फक्त दाखवतो, वाचवत नाही, हे लक्षात असू द्या. घरी कुणी नसताना ३१० आले तर तो बिचारा प्रामाणिकपणे ३१० दाखवत राहील. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो, तो मर्यादेबाहेर गेलं की तोडतो. मेनला तो बसवून घ्यावा, असं माझं मत.

स्टॅबिलायझरबद्दल मात्र माझं मत लोकांना आवडत नाही. उठसूट स्टॅबिलायझर घेऊ नका. तो वीज तयार करत नाही. १७०चे २२० करायला तो तारेतून तेवढा जास्त करंट ओढतो. शेपटाला राहणाऱ्या दहा घरांनी दहा स्टॅबिलायझर लावले की तार आणखी दबते आणि अकराव्याचे व्होल्ट आणखी पडतात. शिवाय दुखणं ढिल्या स्क्रूचं असेल तर स्टॅबिलायझर त्याच स्क्रूतून जास्त करंट खेचून तो लवकर जाळतो. आठवडाभर मीटर लावून लिहून काढा, मग ठरवा. वस्तीवरच्या काकांना मी स्टॅबिलायझर घ्यायला लावला, ताईंना नाही. घेताना स्टॅबिलायझर किती व्होल्टपासून काम करतो ते बघा. वहीत १६० लिहिलेलं असेल तर १७०पासून चालणारा काय कामाचा?

अलीकडे एक नवीन प्रकार दिसतोय. २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेनंतर छतावरचं सोलर वाढलं. एकाच लाइनीवर बरीच सोलरची घरं झाली आणि दुपारी वीज वापरणारं कुणी नसलं की व्होल्टेज वर चढतं, २५०च्या पुढे गेलं की सोलरचे इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडायला लागतात. ऐन उन्हात सोलर का थांबतो, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, दुपारी एकला मीटर बघून मला आकडा सांगा.

मीटर घेताना पिना नीट बघा. बाजारातले बरेच मीटर परदेशी पिनांचे असतात, आपल्या सॉकेटमध्ये ढिले बसतात आणि ठिणग्या पाडतात. आपल्या गोल तीन पिनांचाच घ्या. सहा अँपिअरच्या मीटरमधून गीझर, शेगडी चालवू नका, तो रिकाम्या सॉकेटमध्ये नुसता बघायला ठेवा. स्वस्त मीटर दोन-तीन व्होल्ट इकडेतिकडे दाखवतो, त्यानं आपलं काही अडत नाही.

आणि खरोखरच बाहेरून व्होल्टेज कमी किंवा जास्त येत असेल तर "लाइट डीम आहे" अशी तोंडी तक्रार करून थांबू नका. १९१२ला फोन करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि सेक्शन ऑफिसला अर्ज देताना तारीख, वेळ आणि व्होल्टचे आकडे लिहिलेल्या पानाची झेरॉक्स जोडा. अर्जाच्या आपल्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.