पंख कलला, तर आधी काय?

'विमान स्टॉल झालं' म्हटलं की बहुतेकांना वाटतं, इंजिन बंद पडलं. पण इंजिनाचा इथे संबंध नाही. स्टॉल होतो तो पंख! मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, पायलट नव्हे. पण एरोमॉडेलिंगच्या नादाने हा विषय वाचायला घेतला आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ऐन वेळी हात जे करायला धावतो, तेच इथे जिवावर बेततं.

समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन म्हणजे अँगल ऑफ अटॅक. तो वाढवला की लिफ्ट वाढते, पण साधारण १५-१६ अंशांपर्यंतच. त्यापुढे पंखाच्या वरच्या बाजूची हवा सुटते, लिफ्ट घसरते आणि ड्रॅग एकदम वाढतो. विमान हळू उडवायचं तर लिफ्ट पुरवण्यासाठी हा कोन मोठा ठेवावा लागतो. म्हणजे आपण आधीच कड्याच्या टोकावर उभे!

आता समजा, डावा पंख खाली गेला. साहजिकच आपण स्टिक उजवीकडे नेणार. त्याने डावं एलेरॉन खाली वळतं आणि पंखाच्या तेवढ्या भागाचा कोन आणखी वाढतो. एरवी याच युक्तीने पंख वर येतो. पण इथे कोन मर्यादेपलीकडे जातो, लिफ्ट वाढायच्या ऐवजी कमी होते आणि वाढलेला ड्रॅग नाक डावीकडे ओढतो. डावा पंख आणखी मंदावतो, आणखी खाली जातो. हीच स्पिनची सुरुवात.

मग करायचं काय? पहिलं काम, स्टिक पुढे. कोन कमी झाला की हवा पंखाला पुन्हा धरते. त्याच वेळी उजवं रडर देऊन नाकाचं वळणं थांबवायचं. पंख पुन्हा 'उडू' लागला, की मग एलेरॉनने विमान सरळ करायचं आणि लागेल तशी पॉवर द्यायची. मात्र रडर म्हणजे पंख उचलायचा जॅक नव्हे. ते जोरात दाबलं तर विमान उलट्या बाजूला स्पिनमध्ये जाऊ शकतं.

स्पिन बसलाच, तर साधारण क्रम असा: थ्रॉटल बंद, एलेरॉन मध्यावर, फिरण्याच्या उलट पूर्ण रडर, स्टिक पुढे. फिरणं थांबलं की रडर मध्यावर आणि अलगद वर. अर्थात त्या त्या विमानाचं मॅन्युअल सांगेल ते आधी.

हे ज्ञान सहज मिळालेलं नाही. ऑगस्ट १९१२ मध्ये इंग्लंडच्या सॉल्सबरी प्लेनवर लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचं अॅव्रो विमान स्पिनमध्ये गेलं. सुटका कशी करायची, हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बाकी उपाय फसल्यावर त्यांनी उलट रडर दिलं आणि जमिनीपासून जेमतेम ५० फुटांवर विमान सावरलं!

डिझायनर मंडळी पंखाला पीळही देतात. याला वॉशआउट म्हणतात. टोकाचा कोन मुळापेक्षा कमी ठेवला की मुळाकडचा भाग आधी स्टॉल होतो आणि टोकाजवळची एलेरॉन्स थोडा वेळ तरी कामाची राहतात. पण त्या भरवशावर राहायचं नसतं.

सगळ्यात घातक जागा म्हणजे उतरण्याआधीचं शेवटचं वळण. समजा, डावीकडे वळताना रनवे हुकतोय असं वाटलं. माणूस डावं रडर दाबून नाक आत ओढतो, विमान जास्त कलतं म्हणून स्टिक उजवीकडे धरतो. आतला, आधीच मंद पंख आणि त्याचंच एलेरॉन खाली! शिवाय उंची न सोडता ६० अंश कलून वळलं, तर लोड फॅक्टर २ होतो. स्टॉलचा वेग √२ पट, म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. खाली उरलेले असतात काहीशे फूट. तिथे स्पिनमधून बाहेर यायला जागाच नसते. म्हणून वळण जमत नसेल तर हट्ट सोडायचा, पंख सरळ करायचे, पॉवर द्यायची आणि पुन्हा एक फेरी मारून यायचं.